लवकर तयार

३ जानेवारी
डायरी टायरवाल्यानं फुकट दिली. फुकटचं वाया घालवत नाही, म्हणून लिहितोय. संकल्प तीन. एक, चहात साखर बंद. दोन, शिकाऊ लोकांवर ओरडणं निम्म्यावर आणायचं. तीन, मार्चमध्ये नात अठराची होते, तिला गाडी मी शिकवणार. स्वतः. बत्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तर म्हणून घासली ती काय नातीला परक्याच्या गाडीत बसवायला?

४ जानेवारी
साखर सुरू. बिनसाखरेचा चहा म्हणजे जळकं इंजिन ऑइल.

९ जानेवारी
सातची बॅच. नर्सबाई, पाचवा दिवस. हात थरथरतो. तिच्या हातावर हात ठेवला की गिअर कसा लोण्यासारखा पडतो. ही माझी पद्धत. पुस्तकात सापडणार नाही.
पण पर्स! दोन सीटच्या मधे, गिअरला चिकटून. मागची अख्खी सीट मोकळी, तरी पर्स मधेच. सगळ्या बायकांची हीच खोड. साडेसातच्या कॉलेजवाल्या पोरीची तर बॅग, आणि बॅगेत दगड भरलेत की काय कोण जाणे. उचलून मागे टाकली. तिनं परत पुढे घेतली. चोरीची भीती असणार. आता गाडीत दोघंच, ती आणि मी. चोर कोण?

१० जानेवारी
पुतण्याला म्हटलं, पाटी लाव, पर्स मागच्या सीटवर ठेवावी. स्कूल माझ्या थोरल्या भावानं काढलेलं, आता पुतण्या बघतो. म्हणाला, बघू काका. बघू म्हणजे नाही.

१५ जानेवारी
नर्सबाई तीन दिवस आली नाही. म्हणजे आठ दिवसांत तयार. कोर्स एकवीस दिवसांचा! रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे शेरा मारला, 'लवकर तयार'. माझ्या हाताखालच्या बायका दहा-बारा दिवसांत शिकतात आणि यायच्या बंद होतात. पुरुष मठ्ठ. एकवीस दिवस पुरे करतात आणि वर म्हणतात, मास्तर, रिव्हर्स अजून एकदा दाखवा.
कॉलेजवाली पण आज आली नाही. तीही तयार.

१९ जानेवारी, दुपारी
डोक्याला ताप. नर्सबाईनं लेखी तक्रार दिली. पुतण्यानं केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. काका, हात लावलात? म्हटलं, लावला. गिअर काय फुंकर मारून टाकू? गुडघ्याला? म्हटलं, टिचकी. क्लच दाबायची आठवण. बेल्ट? अडकतो, ओढून देतो. अंगावरून? मग काय अंगाखालून?
तो कपाळ धरून बसला. म्हणाला, चौकशी होईपर्यंत गाडीवर बसायचं नाही, काउंटरवर बसा.
ज्याला मी सायकल शिकवली त्यानं मला खुर्ची दाखवावी!

१९ जानेवारी, संध्याकाळी
घरी खरं सांगितलं नाही. हिला म्हटलं, प्रमोशन झालं, ऑफिसात बसायचं. ही म्हणाली, या वयात प्रमोशन? गाडी कुठे ठोकलीत ते सांगा आधी.

२२ जानेवारी
काउंटर. फॉर्म तपासणे आणि भिंतीवरची चिन्हं शिकवणे. एका शहाण्यानं विचारलं, मास्तर, प्रवेश बंदची पाटी आहे पण आत कुणीच नाही, मग गाडी घातली तर काय बिघडलं? चांगला झापला. म्हटलं, रस्ता ओरडत नाही म्हणून काय तुझ्या बापाचा झाला?
सगळे हसले. शिकवणं रक्तात लागतं.

२७ जानेवारी
चौकशी. पुतण्या, त्यानं बोलावलेली एक वकीलबाई आणि नर्सबाई. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. गेल्या गेल्या सांगितलं, मी हिच्या बापाच्या वयाचा. नर्सबाई म्हणाली, वय मी विचारलंच नाही.
वकीलबाई पोरगेलीच, पण फाइल जाड. हात किती वेळ ठेवता? म्हटलं, सेकंदभर, कोण मोजत बसतं? नर्सबाई म्हणाली, मी मोजलं. गिअर पडला पेट्रोल पंपापाशी, हात उचलला सिग्नलला. आता रस्त्यात ट्रॅफिक होती, तो माझा दोष?
मग म्हणाली, मास्तर, मी दिवसाला पंचवीस माणसांना हात लावते. कामाचा हात कामापुरता असतो. काम झालं की आपोआप उचलला जातो. तुमचा उचलला जात नव्हता. मी पर्स मधे ठेवली, तुम्ही पर्स उचललीत.
पाठ करून आली होती.
वकीलबाईनं विचारलं, पुरुषांच्या गुडघ्याला टिचकी मारता? म्हटलं, कशाला? त्यांना तोंडानं सांगितलं तरी कळतं. तिनं ते शब्द न् शब्द लिहून घेतलं. म्हणजे पटलं.

२८ जानेवारी
झोपेतून उठताना सुचलं. पुरावा! तीन वर्षांची रजिस्टरं घरी आणली. पट्टी घेतली, लाल पेन घेतलं. 'लवकर तयार' शेऱ्याच्या बायका मोजल्या. एक्केचाळीस! पुरुष दोन. त्यातला एक पाय मोडला म्हणून बंद झालेला. इतकं झटपट शिकवणारा मास्तर दुसरा दाखवा म्हणावं.
नात डोकावली. काय चाललंय आजोबा? म्हटलं, रेकॉर्ड. तिनं एका नावावर बोट ठेवलं. ही माझ्या वर्गातली. म्हटलं, हो, ती दगडांच्या बॅगवाली. दहा दिवसांत तयार. हुशार पोरगी.
नात म्हणाली, ती अजून बसनंच येते.
पेट्रोल महागलंय.

२ फेब्रुवारी
पुतण्या आणि वकीलबाईसमोर रजिस्टरं टेबलावर ठेवली. धप्पकन. म्हटलं, मोजा. पुतण्या पानं उलटत गेला. मग म्हणाला, काका, एकाही बाईनं एकवीस दिवस पुरे केले नाहीत?
म्हटलं, तसं नाही, एकीनं केले. तिचा नवरा रोज मागच्या सीटवर बसायचा. लक्ष लागायचं नाही, म्हणून तिला वेळ लागला.
पुतण्यानं वकीलबाईकडे बघितलं. तिनं मोबाइल काढून पानांचे फोटो घेतले. एकूण एक पानाचे. जाहिरातीत वापरणार बहुतेक.

९ फेब्रुवारी
निकाल. गाडीवर कायमचं बसायचं नाही आणि नर्सबाईला माफीचं पत्र द्यायचं. लिहायला बसलो. 'आपल्याला वाईट वाटलं असेल तर' इथपर्यंत मजल गेली. पुतण्या म्हणाला, 'असेल तर' काढा काका. म्हटलं, मग मीच जातो. स्कूलची किल्ली टेबलावर आपटली. मी सोडलं. मला कुणी काढलं नाही. हे नीट लिहून ठेवतो.

१० फेब्रुवारी
हिला सांगितलं, रिटायर झालो, तब्येतीसाठी. ही म्हणाली, पुतण्याच्या बायकोचा फोन येऊन गेला. भाजी चिरत राहिली. रोज इतकी बारीक चिरत नाही.

२० फेब्रुवारी
घरची गाडी धुतली. बॅटरी बदलली. पुढे-मागे एल लिहिलेला कागद चिकटवला. आता नात. तिला एकदा माझ्या पद्धतीनं तयार केली की सगळ्यांची तोंडं बंद. नातीला म्हटलं, अठराची झालीस की लगेच, सोळा मार्चला सकाळी सहाला मैदान.
नात म्हणाली, बघू आजोबा.

१० मार्च
सुनेनं चहा ठेवता ठेवता सांगितलं, बाबा, तिला बाहेरच्या स्कूलला घालायचं म्हणतोय आम्ही. म्हटलं, घरात मास्तर असताना? ती म्हणाली, घरचं माणूस ओरडतं, मुलं शिकत नाहीत. कपबशीकडे बघून बोलत होती.
ठीक आहे. पण मग जाईल ती क्लचकडेच. क्लच म्हणजे माझा चेला. सहा वर्षं माझ्या हाताखाली होता, पहिल्या वर्षात तीन क्लच जाळले, म्हणून नाव पडलं. आता पुढच्या चौकात स्वतःचं स्कूल आहे. माझी पद्धत जशीच्या तशी उचललेली. सुनेला ते सांगितलं नाही, फक्त माणूस ओळखीचा आहे म्हटलं. तिला बरं वाटलं.

१५ मार्च
पायात चपला घातल्या आणि क्लचकडे गेलो. का गेलो? सहज. म्हटलं, उद्यापासून नात येतेय. माझी नात आहे. तोंडानं शिकव.
तो हसला. म्हणाला, मास्तर, काळजी सोडा, तुम्ही शिकवलं असतंत अगदी तसंच शिकवतो.
बरं वाटायला हवं होतं. ॲसिडिटी झाली. साखर बंद करायला हवी.

१६ मार्च
पहिला दिवस. नात जाऊन आली. कसं झालं? म्हणाली, ठीक.

१७ मार्च
गच्चीवरून चौक दिसतो. क्लचची पिवळी गाडी सिग्नलला उभी होती. आतलं काही दिसलं नाही. सिग्नल पंचेचाळीस सेकंदांचा आहे. मी मोजला. इतका लांब सिग्नल कशाला ठेवतात, ट्रॅफिकवाल्यांना विचारलं पाहिजे. अर्ज देणार आहे.

१८ मार्च
आज नात जाताना कॉलेजची बॅग घेऊन गेली. सुट्टी असून.

१९ मार्च, सकाळी
पावणेसात झाले तरी नात घरात. सुनेनं विचारलं, अगं क्लासला? म्हणाली, आता नाही जायचं, आली मला गाडी.
तीन दिवसांत? सून खूश. ही म्हणाली, आजोबांवर गेलीय. पोराला ऑफिसात फोन गेला. सगळे हसत होते.
माझा चहा सांडला. नात फडकं घेऊन आली, पुसलं, वर बघितलं नाही.

१९ मार्च, अकरा वाजता
क्लचकडे गेलो. म्हटलं, रजिस्टर दाखव. त्यानं उघडून पुढे सरकवलं. नातीचं नाव. पुढे तीन हजेऱ्या. त्याच्यापुढे शेरा. अक्षर कोंबडीचे पाय, पण शब्द माझे. 'लवकर तयार'.
म्हणाला, हुशार हो मास्तर, तुमचंच रक्त.
हात उचलला मी. कानफटातच द्यायची होती. तो खुर्चीत मागे सरकला आणि म्हणाला, काय झालं मास्तर, गिअरवर हात ठेवायचा हे मला कुणी शिकवलं?
उचललेला हात कुठे ठेवावा कळेना. खिशात घातला. घरापर्यंत तसाच.

२० मार्च
काही नाही.

२१ मार्च
सुनेला सांगायला गेलो. तिनं विचारलं, काय बाबा? म्हटलं, चहात साखर जास्त झाली. ती म्हणाली, अजून चहा ठेवलाच नाही.

२५ मार्च
पोरगा मागे लागला, जा गं, आजोबांना चालवून दाखव तरी. नात नको म्हणत होती. मग एकदम चला म्हणाली. सकाळी सहा. मैदानात कुणी नव्हतं.
ती बसली. खांद्यावरची बॅग काढली, दोन सीटच्या मधे ठेवली. गिअरला चिकटून. मी मागच्या सीटकडे बघितलं, मोकळी होती. बॅग तिथेच राहू दिली.
बेल्ट अडकला. ओढायला माझा हात निघालाच. ती म्हणाली, आजोबा, हात समोर ठेवा. डॅशबोर्डवर.
ठेवले. दोन्ही.
म्हटलं, बाळा, त्या क्लचनं... ती म्हणाली, गाडी शिकवायचीय की बोलायचंय?
तिला गाडी येत नाही. काहीच येत नाही. पहिला गिअर कुठे असतो तेसुद्धा नाही. सात वेळा बंद पडली. मी तोंडानं सांगत गेलो. क्लच पूर्ण दाब. गिअर डावीकडे, मग वर. आता क्लच सोड, हळू, अजून हळू. ओरडलो नाही. आठव्या वेळी गिअर पडला. गाडी निघाली. नुसतं तोंडानं सांगून.
मैदानाला चार चकरा. तिसऱ्या गिअरपर्यंत गेली. एकदा हसलीसुद्धा, रस्त्याकडे बघून.
पाऊण तास झाला. हात खांद्यापासून भरून आले. खाली घ्या असं ती म्हणाली नाही. मी विचारलं नाही.
म्हणाली, उद्या सहाला. एकवीस दिवस.