माझ्या नावाचा फोल्डर

प्रिय हेबेर,

दचकलास ना? दोन वर्षांत माझी एक ओळ नाही आणि आज अचानक झुल्माचं पत्र, तेही कागदावर. घाबरू नकोस, भांडायला बसलेली नाही. जाऊ दे, खोटं कशाला बोलू, भांडायलाच बसलेय. माते चहाचा पेला भरलेला आहे, पलीकडच्या खोलीत आईचं शिलाई मशीन चाललंय, आणि मला कसलीही घाई नाही.

बंदराजवळचं आपलं घर आठवतं? त्या पुरात नदी आईच्या खिडकीपर्यंत चढली आणि आपण दोघांनी ठरवलं की धक्क्यावर पाण्याची उंची मोजणारी पेटी बसवायची, पाणी वाढलं की वस्तीभर भोंगा वाजला पाहिजे. पेटीतली चिप जुनीपुराणी, इवलीशी. मोठ्या संगणकावर बसून तिच्यासाठी प्रोग्रॅम तयार करायचा, तर लिहिलेलं त्या चिपच्या भाषेत उतरवणारा कम्पायलर आधी स्वतःच बांधायला हवा. अकरा महिने मी त्यात डोकं घातलं. रोज पडद्यावर तेच रडगाणं, हेडर फाइल सापडत नाही. कम्पायलरला लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या साठ्याच्या, हेडर फाइल्स हव्यात आणि लायब्ररी बांधायला कम्पायलर हवा! तू सोफ्यावर लोळत म्हणायचास, सोड गं, तुझ्याच्यानं नाही व्हायचं. झालं की नाही? आधी अर्धाकच्चा कम्पायलर, मग त्या चिपच्या हेडर फाइल्स, मग लायब्ररी, मग पुरा कम्पायलर. त्या दिवशी मला उचलून गिरक्या घेतल्यास आणि हेडर फाइल्स ठेवलेल्या फोल्डरला लाडानं माझंच नाव दिलंस. मी वेडी, रडले होते.

मग राजधानीतल्या लोकांना काम दाखवायची वेळ आली. तू म्हणालास, तू काय, घरचीच, तुझं नाव कशाला हवं? मी ऐकलं, हेच माझं चुकलं. तू नोकरी घेऊन गेलास, आणि जाण्याआधी जिथे जिथे माझं नाव होतं ते एका फटक्यात पुसून टाकलंस. उघडूनसुद्धा पाहिलं नाहीस, मेल्या. फोल्डरही त्यातच गेला.

गेल्या महिन्यात वस्तीच्या समितीनं त्याच चिपची नवी पेटी तुझ्याकडे सोपवली आणि लगेच तुझा निरोप आला. कशी आहेस नाही, आई कशी आहे नाही. थेट, हेडर फाइल सापडत नाही, तू तेव्हा काय केलं होतंस? मी इतकी हसले की माते अंगावर सांडलं. उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तू गावभर सांगत सुटलास, जमलं म्हणून. तीन दिवसांत? तेव्हाच मला कळलं. तू स्वतःच्या संगणकातल्या हेडर फाइल्स उचलून तिथे टाकल्यास. तक्रार थांबली, तू खूश. अरे, हेडर म्हणजे मापाची वही. आईनं तुझी मापं घेऊन माझा कोट शिवला तर शिलाई होईल, पण मला तो बसेल का? त्या चिपमध्ये वेळेची नोंद मेमरीच्या चार खणांत मावते, तुझ्या संगणकाच्या मापानं आठ लागतात. उंची असते त्यापुढच्या खणात, मग ती वाचायला पेटी भलत्याच खणात हात घालते.

गेल्या आठवड्यात भर दुपारी मी धक्क्यावर गेले आणि पेटीला उंची कळवणारा, पाण्यावर तरंगणारा गोळा दोरीनं वर ओढला. दोन मीटर, चार, सहा. पडद्यावर शून्य. भोंगा मुका.

दोन दिवस मी गप्प राहिले. खरं सांगते, मजा वाटत होती. येऊ दे पाणी, होऊ दे याची शोभा, असं घोकत होते. पण नदीच्या वाटेतलं पहिलं घर माझ्या आईचं आहे. मग सूड दुसरीकडून घ्यायचं ठरवलं.

म्हणून हे पत्र मी तुला पाठवलंच नाही, हेबेर. पेटीच्या उद्‌घाटनाला क्लबात सगळी वस्ती जमलीय, तू पहिल्या खुर्चीत आहेस आणि समितीच्या इर्माबाई त्यांच्या खणखणीत आवाजात हे वाचून दाखवताहेत. पाकिटात एक मेमरी कार्ड होतं, ते आता त्यांच्या मुठीत आहे. त्यात सगळं पुन्हा बांधलेलं आहे, योग्य हेडर फाइल्ससकट, आणि फोल्डरचं नाव अजून तेच आहे. हे काम कुणाचं, ते तू उभं राहून सांगेपर्यंत मूठ उघडायची नाही, असं मी त्यांना बजावलंय. नाही सांगितलंस तरी संध्याकाळी मी पेटी दुरुस्त करीनच. वस्ती वाचेल, तू नाही. मी शेवटच्या रांगेत आईजवळ बसलेय. ऊठ आता.

एकेकाळची तुझीच,
झुल्मा