कोठाराची उत्तरेकडची भिंत

मी, जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन नकाशे काढणाऱ्या कार्यालयातली निवृत्त नकाशाकार, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. अक्षर वाकडं आलं, तर त्याचा बुद्धीशी संबंध नाही. कोणी दबाव आणलेला नाही. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर धाकट्या भावाला. वायरिंगचा नकाशा कपाटाच्या दारामागे चिकटवला आहे. भिंतीत खिळा ठोकण्याआधी तो बघ. मागच्या वेळी ऐकलं नाहीस आणि दोन दिवस अंधारात बसलो.

२. बँकेतल्या ठेवी, ड्रॉइंग बोर्ड आणि कंपासपेटी भाचीला.

३. नोकरीतल्या आमच्या तेव्हाच्या साहेबांना काहीही देऊ नये. शोकसभा झालीच, तर त्यांना बोलूही देऊ नये.

४. मोजणीच्या वह्या अभिलेखागाराला. मात्र निळ्या पुठ्ठ्याची सतरा क्रमांकाची वही खाली उल्लेखलेल्या शेतकऱ्यांच्या सुनेला द्यावी. याचं कारण लिहिणं भाग आहे.

बावीस वर्षांपूर्वी एक जुनं शेतघर पाडून तिथे गोदामं बांधायचं ठरलं. पाडण्याआधी सगळ्याची नोंद करायला मला पाठवलं. घर, गोठा, कोठार, विहीर. तीन आठवड्यांचं काम. घराचे मालक, एक विधुर शेतकरी, स्वतः टेपचं दुसरं टोक धरायचे. नवव्या दिवशी कोठाराच्या उत्तरेकडच्या भिंतीचा गिलावा निखळला. आत लाकडी सांगाडा निघाला. एकही खिळा नाही, सांध्यांना लाकडाच्याच खुंट्या. बाकीच्या घराहून तो निदान दोनशे वर्षांनी जुना. त्याची सगळी मोजमापं मी सतरा क्रमांकाच्या वहीत घेतली.

शेतकरी त्यावरून हात फिरवत म्हणाले, "बाई, जन्मभर या भिंतीला पाठ टेकून बसलो, आणि मलाच ठाऊक नाही!"

मी अहवालात लिहिलं, 'पाडू नये.' साहेबांनी ते वाक्य कापलं. "आपल्याला नोंद करायला बोलावलंय, काम अडवायला नाही. नकाशात गिलावा पडायच्या आधीची भिंत दाखवा." मी त्या भिंतीचा, चौदा नंबरचा, नकाशा पुन्हा काढला. भिंत कोरी. त्या वर्षी माझी बढती व्हायची होती. झाली.

शेतकऱ्यांनी हरकतीचा अर्ज लिहून ठेवला होता. तो द्यायच्या दिवशी आधी माझ्या टेबलापाशी आले.

"भिंतीचं लिहिलंत ना?"

"लिहिलंय."

"मग माझा अर्ज कशाला? तुमच्या शब्दाला वजन आहे." अर्जाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

पुढच्या आठवड्यात कोठार पाडलं. शेतकरी नंतर सहा वर्षं जगले, सुनेसोबत भाड्याच्या दोन खोल्यांत. वरच्यांनी ऐकलं नाही, बाईंनी मात्र लिहिलं होतं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. सून त्याच जागेवरच्या गोदामात कामाला लागली.

गेल्या आठवड्यात तिला घरी बोलावून सगळं सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"ठाऊक आहे. बाबा गेल्यावर मी अभिलेखागारात जाऊन नकाशा पाहिला. भिंत कोरी, आणि खाली तुमची सही आहे."

"सोळा वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

वही देणार म्हटल्यावर ती हो म्हणाली. "पण माझ्याकडे माफीबिफी मागू नका. ती बाबांनी द्यायची होती."

मग मी तिला आधीच लिहून ठेवलेलं पुढचं कलम वाचून दाखवलं.

५. ~~माझ्या मृत्यूनंतर भिंतीचा खरा नकाशा व माझा कबुलीजबाब अभिलेखागारात चौदा नंबरच्या नकाशाला जोडावा.~~

ती म्हणाली, "मेल्यावर? म्हणजे तुम्हाला कोणी काही विचारायला नको!"

तिचं म्हणणं बरोबर आहे. सबब हे कलम मी खोडलं आहे. खोडाखोडीवर माझी सही आहे. खरा नकाशा गुंडाळून दाराशी ठेवला आहे. सोमवारी अभिलेखागार उघडताच तो मी स्वतः नेऊन देणार आहे. साहेब हयात आहेत. मीही आहे.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: या महिन्याची चौदा, शनिवार
सही: लिहिणारीची

आमच्यासमक्ष सही केली:
१. समोरचे शिंपी
२. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका