ह्यांच्या धोतराचं दुपटं

मंगळवार, दिवेलागणीला

आज सुनेला, अश्विनीला घेऊन पनवेलला गेले. पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी होती. मी डॉक्टरीणबाईला बोलले, "पोरगा का पोरगी ते इचारणार नाय, घाबरू नका." बाळ पाठ फिरवून बसलेलं, म्हणून अश्विनीला अर्धा तास चालायला लावलं. "आजीवर गेलंय गं, हट्टी!" मी बोलले. दोघी हसल्या.

परत झोपवल्यावर डॉक्टरीण हसली नाय. लय वेळ एकाच जागी बघत राहिली. मग बोलली, हृदयात भोक हाय. आपोआप बुजंल, नायतर जन्मल्यावर ऑपरेशन. महिन्याभरानं परत बघू.

आमच्यात जन्माआधी बाळाचं काय शिवत नाय. मी चोरून दुपटं शिवलं. ते पण ह्यांच्या धोतराचं. हे छातीच्या दुखण्यानंच गेले. माझ्यामुळं झालं का हे?

घरी आल्या आल्या दुपटं उसवाया बसले. एक बाजू उसवली आणि अश्विनीनं बघितलं.

"आई, नका ना. किती मऊ हाय. ही बाजू बाळ आल्यावर शिवा."

ब्लेड ठेवून दिलं. दुपटं मांडीवरच हाय.

अहो, ऐकताय ना? धोतर दिलंत तेवढं पुरे. तुमची छाती नका देऊ त्याला.