सात दिवसांची हरकत

जव्हार,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय हर्षदा,

तुझी आई गेल्या सोमवारी बाजारात भेटली. तब्येत बरी आहे, वांगणीच्या शेतातली नागली झोडून झाली. मला म्हणाली, बाई, पोरगी हापिसातून आल्यावरबी कुणाकुणाचं काम करते, पगार नाय घेत. मंग करते कशाला? मला नीट सांगता येईना. म्हणून डेपोजवळच्या सर्वेशच्या संगणक केंद्रात गेले आणि तू लिहून दिलेला पत्ता त्याच्यापुढे ठेवला. वीज असेल तेव्हा, असे चार दिवस तुमच्या प्रकल्पाचा पत्रव्यवहार वाचला. सर्वेश म्हणतो, बाई, निवृत्त होऊनही पेपर तपासणं सुटेना.

हर्षदा, मी थक्क झाले. एका संगणकाचा निरोप दुसऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने न्यायचा हे ठरवणारी तुमची आज्ञावली कुणा एकाच्या मालकीची नाही, कुणीही उघडून वाचावी, एवढं तू सांगितलं होतंस. पण हे काम चालतं कसं, ते आता पाहिलं. फिनलंडच्या माणसाला अकरा ओळी बदलायच्या आहेत, तर त्याने आधी कारण लिहायचं आणि सात दिवस थांबायचं. तेवढ्यात कुणीही सकारण हरकत घेतली की काम थांबतं, उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. हरकत घेणारा कोण, कुठला, कुणी विचारत नाही. ब्राझीलच्या एका विद्यार्थ्याने प्रकल्प सुरू करणाऱ्या गृहस्थांचीच चूक काढली. त्यांनी सर्वांसमक्ष त्याचे आभार मानले आणि ओळ खोडली. ते पान मी दोनदा वाचलं. मी तीस वर्षं शाळेत काढली, त्यातली बारा मुख्याध्यापिका म्हणून. अशी एकही सभा मला भरवता आली नाही.

नवी आवृत्ती निघाली की ते गृहस्थ बाजूला होणार आणि पाच जणांची समिती कारभार पाहणार, हेही वाचलं. त्या पाचांत तुझं नाव सुचवलेलं. एकतीस जणांचा पाठिंबा, विरोध कुणाचाच नाही. मी खुर्चीत सरळ बसले. पुढचं पत्र तुझं होतं. मार्चमध्ये तुझ्या बदलामुळे काही ठिकाणची जोडणी दिवसभर बंद पडली, मोठ्यांच्या कामावर निर्णय देणारी मी कोण, असं लिहून तू नाव मागे घेतलंस. पत्रव्यवहाराच्या यादीतूनही नाव काढलंस. मार्चची पानं मी शोधून वाचली. ती चूक तूच आधी सांगितलीस, तूच दुरुस्त केलीस. इतरांच्या चुका मोजल्या असत्यास तर लाजली नसतीस.

तिथेच मी तुला उत्तर लिहिलं, माझ्या जुन्या कॉलेजच्या इंग्रजीत. तुला एकटीला जाईल अशा समजुतीने पाठवलं. सर्वेश म्हणाला, बाई, हे दोन हजार लोकांना गेलं. तासाभरात फिनलंडवाल्याचं उत्तर आलं: हरकत सकारण आहे, हर्षदाचा नकार सात दिवस थांबवला आहे, तिने उत्तर द्यावं. आता तू त्या यादीत नाहीस, म्हणून हे पत्र. मुदत येत्या शुक्रवारी संपते. हो म्हण किंवा नाही म्हण, पण गप्प राहू नकोस. कारण म्हणून मी काय लिहिलं, तेही इथे लिहिते; फोनवर मला बोलता आलं नसतं. १९९४ साली, नववीच्या वर्गात, तू उभी राहून फळ्यावरच्या माझ्या गणितात चूक आहे म्हणालीस. मी तुला दोन तास व्हरांड्यात उभं केलं. तू गेल्यावर पुन्हा सोडवून पाहिलं आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी फळा पुसला. बारा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. आता दोन हजार अनोळखी माणसांना ठाऊक आहे, तुलाच तेवढं नव्हतं. उत्तर तुझं बरोबर होतं.

तुझीच,
आशालताबाई