बाबांचे दगडी पाय

तीर्थरूप आईस, थोरलीचा नमस्कार.

मी बरी आहे. इस्पितळाच्या वॉर्डातलं काम आता अंगवळणी पडलंय. खुडूक कोंबडी उठली का?

वनखात्यानं वस्तीला रान बंद केलं आणि बाबा त्याच रानाच्या फाटकावर राखणदार झाले. खुर्चीत बसून त्यांचं अंग भरलंय, पोट सुटलंय, असं तू कौतुकानं लिहिलंस. आपल्या वस्तीत बरगड्या मोजता येणारीच माणसं, म्हणून मलाही बरं वाटलं. गोड बिस्किटांचे पुडे तर मीच पाठवत होते.

पण पुढे लिहिलंस, "यांना काटा रुतला तरी कळत नाही, पाय दगडाचे झालेत."

आई, इथल्या एका म्हाताऱ्यालाही हीच फुशारकी होती. शुगरनं त्याचे पाय बधिर झाले होते. परवा एक कापला. कापडात गुंडाळून तो मीच खाली नेला.

पुडे बंद कर. वाट लांब असली तरी बाबांना दवाखान्यात ने, रक्त तपासून घे. आणि आजच त्यांना डोळे मिटायला सांगून तळव्यावर कोंबडीचं पीस फिरव. त्यांनी पाय झटकून शिवी हासडली, तर ती जशीच्या तशी लिहून पाठव.

पोस्टमनची वाट बघणारी,
तुझी थोरली