ढब्बू बटण

प्रिय दादा,

माझं पत्र म्हटल्यावर तू चक्रावशील. फोन करायला काय झालं होतं, असंही म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? चेष्टा करून विषय कुठल्या कुठे नेतोस, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की विचारायचं ते राहूनच गेलं.

गेला आठवडाभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. इथली नोकरी सोडण्याआधी तू उभी केलेली ग्रंथालयाची साइट आठवते ना? पुस्तकाची मुदत वाढवायचं तुझं ते गुबगुबीत बटण अजून तसंच आहे. कोडमध्ये तू त्याच्या तुकड्याला, त्या क्लासला, ‘ढब्बूबटण’ नाव दिलंस म्हणून साहेब तेव्हा भडकले होते. तर तक्रार आली, की ज्या वाचकांना दिसत नाही त्यांना हे बटण सापडतच नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे पोचलं की नुसतं ‘चित्र’ म्हणतं आणि पुढे जातं. साहेबांनी काम माझ्या गळ्यात घातलं. वर दम भरला, की तुझ्या मूळ जार फाइलला, क्लासेसच्या त्या गाठोड्याला, हात लावायचा नाही, आणखी साइट तिच्यावर चालतात.

मग मी तू शिकवलेलंच केलं. त्याच पॅकेजमध्ये त्याच नावाचा नवा क्लास लिहिला, बटणाला वाचता येईल असा मजकूर दिला आणि वेगळी जार करून तुझ्या जारशेजारी ठेवली. माझ्या मशीनवर बटण खणखणीत बोललं. सर्व्हरवर चढवलं, तर पुन्हा ‘चित्र’. सर्व्हर बंद करून चालू केला, तात्पुरत्या फायली पुसल्या, स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. काही नाही. शेजारचा टेस्टर म्हणाला, “तुझं बटण माणूस बघून बोलतं.” मला हसू येईना. तोच कोड, तेच नाव, आणि दोन ठिकाणी दोन तऱ्हा. मी माझी मलाच खोटी वाटायला लागले.

शेवटी सर्व्हरला विचारलं, की बाबा रे, हा क्लास तू आणलास कुठून? उत्तर आलं, तुझ्या जारमधून. क्लासलोडर नाव घेऊन शोधायला निघतो आणि पहिला सापडेल तो उचलतो. त्याच नावाचा दुसरा कुणी आहे का, हे तो बघतच नाही. कुठली जार आधी उघडायची, याचा काही नेम नाही. माझ्या मशीनवर माझी आधी उघडत होती, सर्व्हरवर तुझी. मग मी माझा क्लास जारमधून काढून अॅप्लिकेशनच्या स्वतःच्या क्लासेसमध्ये ठेवला. तिथे सगळ्या जारच्या आधी शोध होतो. बटण सर्व्हरवरही बोलायला लागलं.

तक्रार करणाऱ्याला कळवावं म्हणून मी मदतकक्षातल्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “नाव-नंबर काहीच दिलं नाही हो त्यांनी. पण फार सभ्य माणूस. मला म्हणाले, ‘ढब्बू बटण मुकं आहे. चूक लिहिणाऱ्याची, त्याला तेव्हा सुचलंच नाही.’ ताई, ढब्बू बटण म्हणजे काय?”

ते नाव पडद्यावर कुठेच दिसत नाही, दादा. ते फक्त कोडमध्ये आहे.

घरी येताना माझा स्टॉप मागे गेला तरी मी बसमध्येच बसून होते. वाटलं, तू कुणा ओळखीच्यासाठी फोन केला असशील. मग वाटलं, तसं असतं तर मलाच केला असतास. आणि मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. वर्षभर तू लिहीत नाहीस, आवाज रेकॉर्ड करून पाठवतोस. गुडघे दुखतात म्हणून स्कूटर विकलीस, पण आईकडे जिना चढताना गुडघ्यावर हात कधी ठेवला नाहीस, कठडा मात्र सोडला नाहीस. माझ्या लेकीने काढलेलं होडीचं चित्र उलटं धरून ‘झकास’ म्हणालास, आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. तूही हसलास.

आईला मी काही बोललेले नाही. वहिनीला ठाऊक आहे का, तेही मला कळत नाही. कदाचित माझा सगळाच घोळ होत असेल. तसं असेल तर मला मूर्ख म्हण, मी आनंदाने ऐकून घेईन. पण नसेल, तर चेष्टा करू नकोस. हे पत्र कागदावर न लिहिता टाइप केलं, ते तुला ऐकता यावं म्हणून. वहिनीला वाचून दाखवायला सांगावं लागू नये म्हणून. शनिवारी मी तुझ्याकडे येतेय. डॉक्टरांकडे जायचं असेल तर दोघं जाऊ, नाहीतर नुसते बसू. त्याआधी एवढंच सांग, दादा. तुला आता किती दिसतं?

तुझीच,
धाकटी