टांगा होईपर्यंत

३ मार्च

रिमोट दुरुस्त! गेल्या दिवाळीपासून रबरबँड लावून चालवत होतो. पाठीमागचं झाकण तुटलेलं, चॅनल बदललं की सेल जमिनीवर. पलीकडच्या मायाक्कानं भिंतीवरून बघितलं आणि हात पुढे केला. "आणा की हिकडं, कंट्रोलर!" एसटीतली नोकरी संपली, गल्लीत हाक तीच राहिली.

सत्तरीची बाई, आणि हातात पिस्तूल! ग्लू गन म्हणतात त्याला. सुनेनं, उत्कर्षानं, राख्या करायला आणलेली. सून कंटाळली, सासूनं उचलली. आता गल्लीतलं काहीही तुटलं की आधी मायाक्का.

मी नुसता बघत राहिलो. आधी पॉलिश पेपरनं घासलं. "गुळगुळीतावर डिंक बसत न्हाई." मग पुसलं. मग एक थेंब, मण्याएवढा. आणि मग हात असा स्थिर, जसा फोटोतला! मी इतकी वर्षं साध्या डिंकानं जोडत आलो आणि दर वेळी बोटंच जोडली गेली.

५ मार्च

आज माझी पाळी. शेंगाचटणी दिली तिला. बोट चाटून म्हणाली, "यप्पा! तेल घातलंय?" थेंबभर नाही, म्हटलं. दाणे मंद गॅसवर भाजायचे आणि गरम असतानाच उखळात कुटायचे. तेल आपोआप सुटतं. मिक्सरला लावलं की पीठ होतं, चटणी होत नाही.

"भाजायचं किती वेळ?"

"टांगा दहा-बारा वेळा."

"काय?"

मग सांगावं लागलं. नोकरीभर एसटी स्टँडवर घड्याळाकडे बघून गाड्या पुकारल्या. आता घरात पण घड्याळ बघून भाकरी उलटू? छे! आमच्या लहानपणी घरात घड्याळच नव्हतं. चौथीत 'टांगा' ही कविता पाठ करायला होती. आई चुलीपाशी बसवायची आणि मोठ्यानं म्हणायला लावायची. दुसरं कडवं संपलं की ती भाकरी उलटणार, चौथं संपलं की निखाऱ्यावर उभी करणार. अभ्यास माझा, अंदाज तिचा. बायको, सोजर, गेली आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आलं, तेव्हा हातात दुसरं काही नव्हतं. 'टांगा' होता.

टांगा थांबे वेशीपाशी, घोडा घाली खाली मान;
धूळ बसे हळूहळू, दिसू लागे एक पान.

हे दुसरं कडवं. काय ओळ आहे! धूळ बसल्यावर आधी काय दिसतं तर एक पान. आजकालच्या पुस्तकात असं कुणी लिहीत नाही. तिसऱ्यात म्हातारी टांग्याला हात करते. सगळी इथे उतरवत नाही. गरज काय? ही कविता मला सोडून कुठे जाणार!

मायाक्का हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मला बी शिकवा. डिंक धरून बसताना मन लई हलतंय माझं."

६ मार्च

बाई शाळेत दुसरीपर्यंत, ती पण कन्नड. आणि दोनदा ऐकून अख्खा 'टांगा' एका दमात! भिंतीपलीकडून टाळी दिली मी. कपाचा तुटलेला कान डिंकावर धरून म्हटला तिनं. चौथं कडवं संपलं, कान बसला.

९ मार्च

आज मी तिला पुन्हा म्हणून दाखवताना तिसऱ्यावर जरा अडलो. उन्हाची तिरीप डोळ्यावर आली होती.

११ मार्च

गंमत आहे. परवा घडाघडा म्हणणारी बाई आता तिसऱ्या कडव्यावर थांबते! रोज. "म्हातारीनं... पुढं काय हो? परत म्हणा की." मी परत म्हणतो. हाताला एवढी हुशार, पाठांतराला अगदीच ढ! पण शिकवायला मजा येते. तिनं मला आज ग्लूची कांडी कशी बदलायची ते दाखवलं. मागची संपायच्या आधीच पुढची लावायची, म्हणजे धार तुटत नाही.

१६ मार्च

"म्हातारीनं... पुढं काय हो?" — आज तीनदा.

२१ मार्च

दाणे करपले. गॅस मोठा राहिला असेल.

२३ मार्च

भाकरी कच्ची. गॅस बारीक राहिला असेल.

मायाक्काला तुकडा दिला. चावत म्हणाली, "आज टांगा लवकर आला वाटतं, कंट्रोलर!" मी हसलो. ती हसली नाही.

२ एप्रिल

चपलेचा तळवा निघाला होता, तो मायाक्काकडून चिकटवून घेतला आणि ऐटीत सात रस्त्याकडे निघालो. दुपारचा दीड! सोलापूरचा एप्रिल! अर्ध्या वाटेत तळवा रस्त्यावर आणि मी पुढे. परत आलो तर ती दारातच. पोट धरून हसली. "अय्यो! उन्हात डिंक पातळ होतोय, सांगायचं राहिलं की माझं!" मग स्वतःच्या नातवाची सँडल आणून दिली, मोचीपर्यंत जायला. निळी. पुढे डोरेमॉन. निम्मा पाय बाहेर! घातली मी. गल्लीत सगळ्यांनी बघितलं. फार दिवसांनी एवढा हसलो.

५ एप्रिल

युवराज आला होता पुण्याहून, दोन तासांसाठी. मुलगा आहे, डोळ्यांतून काही सुटत नाही. करपलेली कढई उचलून बघितली. "बाबा, हे तिसरं भांडं." मग जरा वेळानं, "डबा लावून देतो. पुढच्या रविवारी येतो आणि सिलेंडर परत करून टाकू." रागावून म्हणाला असता तर भांडलो असतो. त्यानं माझा हात धरून सांगितलं.

मी म्हटलं, रविवारी जेवायलाच ये. कडक भाकरी करतो, मग ठरव.

"बरं," म्हणाला.

७ एप्रिल

आता या पानाला खोटं काय सांगू.

तिसरं कडवं नाही. दुसरं संपतं, पान दिसतं, आणि एकदम चौथं सुरू होतं. मध्ये म्हातारी हात करून उभी आहे एवढं ठाऊक आहे. टांगेवाला काहीतरी बोलतो. काय बोलतो? गॅस मोठा नव्हता, बारीकही नव्हता. टांगाच कधी तिसऱ्यावर अडून उशिरा पोचत होता, कधी ते गाळून एक कडवं आधी.

आणि गेलं हे कळायच्या आधी किती दिवस गेलेलं होतं? त्याची भीती जास्त वाटते.

८ एप्रिल

जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारलं. "चौथीचं? कुठल्या सालचं?" साल सांगितलं तर पोरगा माझ्याकडे बघतच राहिला.

९ एप्रिल

मायाक्का: "म्हातारीनं... पुढं काय हो? म्हणा की."

मी म्हटलं, घसा बसलाय.

तिच्या हातात उत्कर्षाची फुटकी फणी होती, ती तशीच धरून बसली. खरं तर तिला मीच विचारायचं, पण रोज अडणाऱ्या बाईला काय विचारणार!

१२ एप्रिल

उद्या रविवार. घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. सेकंदाचा काटा बघून एक भाकरी केली. जमली. खाववली नाही.

१३ एप्रिल

युवराज जेवून गेला. सिलेंडर जागेवर आहे.

तो पाटावर, मी तव्यापुढे. घड्याळ पालथं घातलं. पहिलं म्हटलं. दुसरं म्हटलं, पान दिसलं. पुढे काही नाही. भाकरीच्या कडा उचलायला लागल्या. युवराज माझ्याकडे बघतोय. आणि भिंतीपलीकडून, मोठ्यानं, कुठेही न अडता, जणू सहा मार्चपासून एक दिवसही अडली नव्हती —

म्हातारीने हात केला, गाडीवान मागे पाही;
"ये गं आजी, बस इथे, घाई मला मुळी न्हाई."